धोक्याच्या वळणाची पाटी

तुम्ही हसाल, पण मी आयुष्यात एका गावाचा मनापासून मत्सर केलाय, आणि तोही रस्त्यावरच्या एका पाटीवरून.

खर्ड्याच्या रस्त्यावर आमचं वळण आणि पलीकडच्या गावचं वळण, दोन्ही सारखीच वाईट. आमच्या वळणावर बस उलटली, तीत माझी बायको गेली. पाटी लावा म्हणून दोन वर्षं मी अर्ज करत होतो. त्यांच्या वळणावर रस्ते खात्याच्या एका साहेबाची जीप रस्त्याकडेच्या चारीत गेली, साहेबाचा चष्मा फुटला, आणि आठ दिवसांत तिथं पाटी लागली : 'धोक्याचे वळण, वाहने सावकाश हाका.'

त्या गावचा भाऊराव मला चहाच्या हॉटेलात म्हणाला, "गुरुजी, अर्ज कसले करता? तुमी बी एखादा साहेब पाडा की चारीत!"

सगळे हसले. मीही हसलो.

पुढं दुष्काळी कामात त्या रस्त्यावर खडी पडली, तेव्हा एकदाची आमचीही पाटी लागली. मी मुद्दाम एस.टी.नं तिथून गेलो. ड्रायव्हरनं गाडी अगदी हळू घेतली, तसा पुढच्या बाकावरचा माणूस वैतागला. "कुनी लावली ही पाटी? त्याला दुसरं काम न्हाई व्हय?"

शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, "गप बसा. घरी कोन वाट बघतंय तुमची? मी तर हितंच हाय."

पाटी मिळाली, पण माझा मत्सर त्या गावावरून उठला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसला.