बरं हाय सांगावं

हरिदास : माही माय जात्यावर म्हणे, अजून कानात आहे तिचा आवाज,
'पाहुणा पुसे बाई, बरं हाय सांगावं,
धुपत्या चुलीले आपल्या पदरानं झाकावं.'

कांताबाई : अन् पदर जळाला तं? अजी, फोनातली ते बाई पाहुणी नाही. मन कसं आहे ते पुसाची मशीन आहे.

हरिदास : असो. रोज सकाळी इतक्या गोड आवाजात पुसते, 'आज कैसा लग रहा है?' तिच्यापुढं काय रडगाणं लावू? जयभीम करतो, 'बढ़िया, आप सुनाइए' म्हणतो.

कांताबाई : मग ते काय सुनावते?

हरिदास : लंबी साँस लो म्हणते. बिचारीले तेवढंच येते.

कांताबाई : तुमचं ते 'बढ़िया' तिकडं मनाच्या डॉक्टरदीदीले दिसते ना. रीनाचा फोन होता. दीदी तिले म्हणे, तुमचे पापा ठीक झाले, आजचा व्हिडीओ कॉल आखरीचा. अन् इथं तुम्ही रातभर पंखा पाहून राहता.

हरिदास : तुले कसं मालूम?

कांताबाई : मी बी तोच पंखा पाहून राहते.

हरिदास : पण फरक आहे ना. सकाळी तलावावर फिरतो. फोननं पावलं मोजून चांदीचा बिल्ला देल्ला.

कांताबाई : हव, साऱ्या पारा-मोहल्ल्याले दाखवला तुम्ही तो. पण लोखंडाच्या मिलमधून रिटायर होऊन वरीस झालं, तुमचा बुशर्ट धुतला का पाणी अजून काळंच निघते. तलावावर लोखंडाची धूळ उडते काय?

हरिदास : आपल्या बीरगांवात सारीकडं धूळच आहे.

कांताबाई : माह्या लुगड्यातून नाही निघत ते.

हरिदास : ते राहू दे. मशीन आहे म्हणते, अन् फोनापुढं चहा-बिस्कुट काहून मांडलं?

कांताबाई : ते दीदीसाठी. ते तं माणूस आहे.

हरिदास : पेईल कशी?

कांताबाई : दिसलं तरी बस. मराठीत बोला, समजते तिले. बोलते मात्र हिंदीत.

(फोन वाजतो.)

हरिदास : जयभीम, दीदी. हव, हव... एकदम बढ़ि...

कांताबाई : पदर जळून राहिला, रीनाचे पापा.

हरिदास : ...दीदी, एक मिनिट. मी तलावावर जातच नाही. तिकडं कारखान्यांकडं, उरला एरियात जातो, आमच्या मिलच्या फाटकावर. चौकीदार नवा आहे, तो वळखत नाही. भोंगा वाजते, सारे आत जातात. मग मी घरी येतो.