न विकला गेलेला गोलकीपर

मी, इथल्या फुटबॉल क्लबच्या गोलकीपरची थोरली बहीण, वय चौतीस वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवण्याचा, राहणार मैदानामागची इमारत, तिसरा मजला, आज दुपारी पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते की,

माझा धाकटा भाऊ आणि मी एकत्र राहतो. आईवडील नाहीत. भाऊ पहिल्यापासून याच क्लबकडून खेळतो. दोन मोसमांपूर्वी क्लबने कर्ज काढून, हप्त्यांवर दोन स्ट्रायकर आणले. त्यांचे गोल काही झाले नाहीत, हप्ते मात्र सुरू झाले. आता नवा खेळाडू घ्यायचा तर आधी जुना विकायला हवा, आणि विकण्याजोगा एकटा माझा भाऊ. कर्ज देणाऱ्या कंपनीने त्याच्या विक्रीतून येणारी रक्कम आधीच स्वतःच्या नावावर लावून घेतली. हे चेअरमनसाहेबांनीच भावाला सांगितलं. त्या वेड्याला त्यात मोठेपणा वाटला.

तेव्हापासून कंपनीचा एक माणूस रोज सरावाला येऊ लागला. क्लबात सगळे त्याच्या पुढेपुढे करतात म्हणून खेळाडूंनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. ते भावाची बॅग उचलायचे, जिना उतरताना त्याचा हात धरायचे. मोटारसायकलची चावी त्यांनी काढून घेतली. "विक्री होईपर्यंत मी सोडत जाईन," म्हणाले. एवढे लाड आमच्या आईनेही केले नव्हते. आता तुला पाळण्यात घालतील, असं मी भावाला चिडवायचे.

विक्री झाली नाही. घेणारा मोठा क्लब शेवटच्या दिवशी मागे सरला. कर्ज त्यांच्याही गळ्यापर्यंत आलेलं. स्वतःचे दोघे विकल्याशिवाय त्यांना नवा खर्च करायची परवानगी नव्हती. त्याच दिवशी खेळाडू विकण्याची मुदत संपली. पुढची मुदत सुरू व्हायच्या आत भावाचा करार संपतो. मग तो कुठेही फुकट जाऊ शकतो आणि क्लबच्या हाती दमडी लागत नाही.

त्या आठवड्यात क्लबच्या फिजिओने मला रस्त्यात गाठलं. म्हणाला, "ताई, त्याच्या हातापायांचा विमा उतरवलाय. तो कायमचा खेळेनासा झाला तर पैसे थेट कंपनीला. तेही करार आहे तोवरच. मी तुम्हाला काही बोललो नाही."

त्यानंतर जावईबापू बदलले. बॅग उचलणं बंद झालं. मोटारसायकलची चावी परत आली, वर टाकी भरून दिली. "किती दिवस कोंडून राहिलास, जरा मोकळा फिर," असं म्हणाले. मी भावाला फिजिओचं बोलणं सांगितलं. तो हसला. "ताई, तू ना, सिनेमे फार बघतेस. तो बिचारा माझ्यासाठी किती धावपळ करतो." आमचं कडाक्याचं भांडण झालं, बोलणंही बंद झालं. माझंच डोकं फिरलंय की काय, असं मला वाटू लागलं होतं.

आज सकाळी जावईबापू माझ्या दुकानात आले. फ्रेमकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "घर तुमच्या पगारावर चालेल ना?" असं विचारलं. समोर गिऱ्हाईक होतं, मी हो म्हणून गेले. ते म्हणाले, "मग काळजी मिटली," आणि निघून गेले.

गिऱ्हाईक तसंच सोडलं. भावाला फोन लावला, बंद होता. घरी धावले. शेजारच्या काकू म्हणाल्या, दोघं नुकतेच कंपनीच्या घाटावरच्या बंगल्याकडे निघाले. भाऊ मोटारसायकलवर, जावईबापू मागून त्यांच्या मोठ्या गाडीत.

गुन्हा काय घडला, असं साहेबांनी मला दोनदा विचारलं. अजून काही घडलेलं नाही. मला त्या माणसाची भीती वाटते आणि माझा भाऊ मला धडधाकट परत हवा आहे.

जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच उतरला आहे. सहीसाठी मी इथेच बसते. आधी कोणीतरी घाटाकडे निघा.