पेचकस परत आला

जमलेल्या सगळ्या मंडळीले माहा नमस्कार. काका, काकू, बाबाच्या दुकानावरचे भाऊ लोक, तुमी आले, उन्हातानात आले. आईनं बोलाचं होतं. ती म्हणे, दीना, मले जमत नाही, तू बोल. मलेही जमून नाही राह्यलं. पन रडण्यामुळं नाही. रागामुळं.

रडणं सात दिवसांत करून घेतलं. आमच्या यहुदी लोकांत माणूस गेला का घरचे सात दिवस जमिनीवर बसतात, आरसे झाकून ठेवतात. काल आरशांवरचे कपडे काढले. माहं तोंड पाह्यलं. अन् ठरवलं, का आज गोड गोड बोलाचं नाही.

रूबेन मिस्त्री, माहे बाबा. शिलाई मशीन बिघडली का बालाघाटातच नाही, कटंगी-बैहरच्या बायाही हेच नाव घेत. माहे आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी कोकणातून इकडं आले, अन् आमी इथलेच झालो. बोली इथली, भांडणं इथली. एक गोष्ट तेवढी आमची राह्यली. शुक्रवारी दिवस बुडाच्या आत बाबाचं शटर खाली. शनिवारी बंद. लग्नसराईत बाया दारात उभ्या राहून भांडत. बाबा म्हणत, "बाई, सहा दिवस हात चालवाले मेहनत लागते. सातव्या दिवशी हात खाली ठेवाले भरोसा लागते."

एकदा शुक्रवारी गोंदियाहून येताना बस राजेगावले बंद पडली. दिवस बुडत आलता. दुसरी गाडी होती, पन दिवस बुडाल्यावर आमच्यात प्रवासही नाही, म्हणून बाबा चढले नाही. एका शेतकऱ्याच्या ओसरीत राह्यले, रविवारी सकाळी घरी आले. मी लहान होती. मी इचारलं, "बाबा, तुमाले भेव नाही वाटलं?" म्हणे, "वाटलं ना. भरोसा म्हणजे भेव नसणं थोडीच हाये पोरी. भेव देवापाशी ठेवाचं अन् झोपाचं." "मंग झोप लागली?" म्हणे, "नाही लागली."

असा माणूस होता. देवाच्या बाबतीतही खोटं नाही बोलला.

आता ऐका. ज्याच्यासाठी मी उभी हाये ते ऐका.

आमच्या दाराच्या उजव्या चौकटीले बोटभर पितळी नळी होती. मेझुझा म्हणतात तिले. आत चामड्यावर हातानं लिहिलेलं देवाचं वचन. येता-जाता तिले बोट लावाचं, अन् ते बोट ओठाले लावाचं. बस, एवढंच. गेल्या उन्हाळ्यात मोहल्ल्यातलं एक लेकरू तापानं फणफणलं. कोणीतरी म्हटलं, त्या नळीत करणी हाये. अन् लोकांनी मानलं! ज्यांच्या मशीनी बाबानं तीस वर्षं सुधरवल्या, त्या बाया रस्ता बदलून जाऊ लागल्या. लेकरू बरं झालं दवाखान्याच्या औषधानं, पन तवापर्यंत व्हायचं ते झालतं.

त्याच दिवसांत एका शुक्रवारी बाबा शटर ओढून राह्यले होते. मोहल्ल्यातला एक जण आला. "रूबेनभाऊ, पेचकस देता का? खिडकीचं बिजागर ढिलं झालं." बाबानं लाल मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर देल्ला. सगळ्यांत चांगला. शनिवारी दुपारी आमी आत जेवत होतो. बाहेर येऊन पाहतो तर चौकट रिकामी. स्क्रूची दोन भोकं, बाकी काही नाही.

अन् रविवारी सकाळी तो पेचकस परत घेऊन आला! शेजाऱ्याची वस्तू नेली तर परत आणून द्यावी, एवढे संस्कार होते त्याच्यात. पेचकसच्या टोकाले आमच्या चौकटीचा हिरवा रंग लागला होता. मी पाह्यला. बाबानं पाह्यला. आमी पाह्यला हे त्यानंही पाह्यलं. बाबानं फडक्यानं टोक पुसलं अन् म्हटलं, "बस, चहा घे."

अन् तो प्याला. पूर्ण कप प्याला.

मी म्हटलं, बाबा, पोलीस ठाण्यात चला. म्हणे, "नाही. देवानं पाह्यलं." मी ओरडली, "देवानं पाह्यलं, पन मोहल्ल्यानं काहून नाही पाह्यलं?" मुंबईहून भावानं नवीन मेझुझा पाठवला. बाबानं तो आतल्या खोलीले लावला. पुढच्या दारासाठी म्हणे, "ज्यानं काढला, तोच आणून लावेल." मी म्हटलं, हा भरोसा नाही बाबा, हा हट्ट हाये. हसले. म्हणे, "असन."

पूर्ण एक वर्ष बाबा रोज त्या दोन भोकांले बोट लावत अन् ओठाले नेत. दवाखान्यात नेलं त्या दिवशी स्ट्रेचर दारात थांबवाले लावलं. हात पुरत नव्हता. मी तो धरून चौकटीपर्यंत नेला.

मंडळी, तो माणूस आज इथं बसला हाये. फुलं घेऊन आला.

घाबरू नका, मी नाव नाही घेत. बाबानं मले शपथ घातली हाये, म्हणून. मी माफ केलं म्हणून नाही. मी माफ नाही केलं. बाबानं त्याले देवावर सोडलं. मी बाबाएवढी मोठी नाही. मी त्याले तुमच्या सगळ्यांमंधी उभा करून सोडते.

हा पाहा तो पेचकस. बाबाच्या फोटोपाशी ठेवून राह्यली. आमचं पुढचं दार आजपासून उघडं राहील. भोकं तीच हायेत, त्या नळीची वाट पाहून राह्यली. ज्यानं एकदा मागून नेलता, त्यानं आज न मागता न्यावा. सगळ्यांदेखत उठून न्यावा.

आता रूबेन मिस्त्रीसाठी उभे राहा. ज्याले डोळे मिटाचे त्यानं मिटावे, मी मिटणार नाही. मी 'बसा' म्हणेपर्यंत कोणी बसू नका.

अन् मी लवकर म्हणणार नाही.