थोरल्याच्या वहाणा

बसा जावईबापू, बसा. लाइट काय आता येत न्हाई. तुमची फटफटी खालच्या गावात लावलीया, ती काय पळून जात न्हाई. चुलीवर च्या ठेवलाय. तेवढा घ्या आन् मंग जावा.

काय म्हनलासा? मधल्या वाटंनं उतरनार? थोरल्याच्या वाटंनं? रातचं? ऐका रं पोरांनो, तुमचा दाजी काय म्हनतोय. बूट नवं हायती न्हवं, बापू? भायेर पायरीवर काढल्यात? बरं केलं, आत चिखल नको.

मी न्हाई अडवत. मी कोन अडवनारी? तिसरीतनं शाळा सोडलेली बाई मी. येक गोष्ट तेवढी सांगते, च्या उकळस्तवर. हसायचं त्ये मागनं हसा.

तर ऐका. असाच येक मानूस, असाच अंधार पडल्यावर, त्याच वाटंनं निगाला हुता. आन् त्याच्या बी पायात बूट हुतं.

कडोलकर त्याचं नाव. बेळगावात घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून मुंगीएवढी चक्रं बगायची सवय, म्हनून मानसाकडं बगताना बी येकच डोळा बारीक करायचा. मला वाटायचं डोळा मारतोय. मी तुमच्या आज्याला म्हनलं बी, ह्यो पावना काय धड दिसत न्हाई. मंग कळलं, त्यो चुलीकडं बगताना बी तसाच बगतोय.

तर ह्यो आमच्या दारात आला त्यो थोरल्याच्या पायाचं माप इचारत. आमच्याच दारात का? कारन थोरल्याच्या वहाणा करायचा मान आमच्या घराचा. बापू, तुमाला म्हाईत न्हाई, सांगते. थोरला म्हंजी आमच्या रानाचा राखनदार. रातभर शिवंवरनं फिरतो. अंगभर केस, झाडायेवढी उंची. कुनी बगितलाय? कुनी न्हाई. तरी पन सगळ्यांस्नी ठावं. दर सालाला देवराईच्या तोंडाच्या धोंड्यावर त्येला नव्या वहाणा ठेवायच्या. ह्ये बगा, माझ्या कोपरापासनं बोटाच्या टोकापतूर येवढा येक तळ. ठेवताना कोऱ्या, तेल लावलेल्या. आन् सालभरानं बगावं तर तळ झिजून भोकं पडल्याली. आता हालत न्हाईत, चालत न्हाईत, मंग झिजत्यात कशा? तुमी शिकलेलं, तुमी सांगा.

म्हनूनच त्या वाटंनं दिवं लागल्यावर कुनी जायाचं न्हाई. आन् अडलंच, तर पायतान हातात घिऊन अनवानी. पायतानाचा आवाज आला की त्येला वाटतं, आपल्या वहाणा घालून कोन चाललंय.

तुमच्या आज्यानं इचारलं, "माप कशाला पायजे?"

कडोलकर म्हनला, "माझे वडील ह्या रानात गार्ड होते. एकदा पहाटे त्यांनी ओढ्याच्या चिखलात पाऊल बघितलं. मोठं. पाच बोटांचं. वर कळवलं, तर साहेब म्हणाले, गार्ड दारू पिऊन पडलेला. बदली झाली. बाबांनी जन्मात दारूला हात लावला नाही हो. आता त्यांची नजर गेलीय, अंथरुणावर आहेत. डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. मला त्यांच्या हातात ते पाऊल द्यायचंय. बघता नाही आलं तरी चाचपतील."

असं म्हनून त्यानं पोतं उगडून दावलं. पांढरं पीठ. हात मोडल्यावर दवाखान्यात लावत्यात न्हवं, त्ये प्लास्टर. ठशात वतायचं, वाळलं की सबंध पाऊल हातात.

"अवो, पर थोरल्याचा ठसा वहाणंचा उटतो," मी म्हनलं. "बोटं कुटनं आनायची?"

"मग बाबांना बोटं कशी दिसली?"

आता ह्याचं उत्तर माझ्या सासूनं दिलं, आतनं, पोराला झोका देत. म्हनली, त्या साली गावात पटकी आलीती. घरटी मानूस गेलं. वहाणा कोन करनार? थोरला सालभर अनवानी हिंडला.

झालं. कडोलकरानं डोळा बारीक केला. मला तवाच कळलं ह्येच्या डोक्यात काय आलं त्ये. आन् खरं सांगू? मला बी बगायचंच हुतं. सासू न्हाई न्हाई म्हनत हुती, मी पोराला तिच्याकडं टाकून ह्या दोगांच्या मागनं निगाले बी.

देवराईच्या तोंडाशी आलो. तुमच्या आज्यानं आन् मी पायतानं काढून हातात घेतली. कडोलकर म्हनला, "मी बूट नाही काढणार, जळवा आहेत."

आज्यानं सांगितलं, "पावनं, जळू रगत पिऊन सोडून देती."

आयकला न्हाई. वर काय केलं? धोंड्यावरनं थोरल्याच्या वहाणा उचलल्या आन् पोत्यात घातल्या. म्हनला, "पहाटे परत ठेवू. एका रात्रीचा तर प्रश्न आहे." तुमच्या आज्यानं सोता शिवल्याल्या वहाणा त्या.

वड्याकाठी चिखल मऊ हुता, तितं येका झाडाला टेकून बसलो. ब्याटरी बंद. डोळ्यांत बोट घातलं तर कळायचं न्हाई असा अंधार. कडोलकरानं काठी घेतली आन् झाडाच्या बुंध्यावर हानली. टक. टक. आन् गप बसला.

मी इचारलं, "ह्ये काय?"

"परदेशात लोक असंच करतात. तो असला तर उत्तर देतो."

मी तोंडाला पदर लावून हसले. म्हनलं, आमचा थोरला काय पोस्टमन हाय व्हय. आन् तवर पल्याडच्या डोंगरावरनं आलं. टक. टक.

हसू तितंच वाळलं बगा.

कडोलकराला असा आनंद, जत्रंतल्या पोरागत. पुन्ना हानली, तीनदा. उत्तर आलं, तीनदा. पर आता डोंगरावरनं न्हाई, वड्यापलीकडनं. मी म्हनलं, बास करा. त्यानं अजून येकदा हानली. टक.

उत्तर कुटनं आलं सांगू? आमी ज्या झाडाला टेकून बसलो हुतो न्हवं, त्याच झाडातनं. माझ्या पाठीला कळलं. टक.

सरक की गं पोरी, अंगावर पडतीस माझ्या. आन् चुलीत लाकूड सार, च्या निवंल.

मंग आवाज आला. तुमच्या आज्याचा आवाज. "वहाणा कुटं ठेवल्यासा?" आता तुमचा आजा माझ्या डाव्या हाताला बसलेला, दातखीळ बसल्यागत तोंड मिटून. आवाज आला उजवीकडनं. आमी गप. रानात पयल्या हाकंला वो द्यायची न्हाई, ह्ये तर शेंबड्या पोराला ठावं असतंय. पर बेळगावच्या मानसाला कोन शिकवनार? दुसरा आवाज आला, म्हाताऱ्या मानसाचा, खोकत. "रघू, पायात काय आहे रे?"

कडोलकराचा जबडा हालला. "बा..." म्हनतोय तवर मी पदराला बांदल्याला भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. आख्खा. गुदमरला बिचारा. डोळ्यांतनं पानी आलं. भाकरीनं आलं का बापाच्या आवाजानं, मी न्हाई इचारलं.

मंग धप्. कडोलकरानं ब्याटरी लावली. कुनी न्हाई. पर आमच्या म्होरं चिखल दबलेला. पाऊल. टाच, तळवा, पाच बोटं. आन् बगता बगता त्यात पानी झिरपायला लागल्यालं. आमच्या डोळ्यांदेखत त्याच्या म्होरं दुसरं उटलं. धप्. वर मानूस न्हाई, जनावर न्हाई. पावलं पोत्याकडं यायला लागल्याली.

तुमचा आजा म्हनला, "पळा." कुनीबी पळालं असतं. आन् ह्यो कडोलकर? ह्यो गुडग्यावर बसला, डब्यात पानी घेतलं आन् भजीचं पीठ कालवावं तसं प्लास्टर कालवायला लागला. पयल्या ठशातलं पानी फडक्यानं टिपलं आन् वतलं.

"चला आता," आज्यानं म्हनलं.

"वाळायला पाहिजे. ओलं उचललं तर मोडेल."

घ्या. भुताच्या दारात बसून प्लास्टर वाळायची वाट बगायची. माझ्या सात पिढ्यांत असं कुनी बसलं नसंल. आन् त्यो आमच्याभवती फिरायला लागला. धप्, धप्. गोल. दर फेऱ्याला रिंगान बारीक. पयल्यांदा वड्यापतूर, मंग झाडापतूर, मंग माझ्या लुगड्याच्या काठापतूर. ब्याटरी पिवळी पडली. कडोलकराच्या बुटाच्या नाड्या आपसूक सुटल्या. मी बगितलं, त्यानं बी बगितलं. त्यानं नाड्या न्हाई बांदल्या, हात प्लास्टरवर ठेवून बसला, कोंबडी अंड्यावर बसती तसा.

येका टायमाला म्हनला, "वाळलं." उचललं, छातीशी धरलं. पळालो.

पळालो, पळालो, आन् कुटं आलो? प्लास्टर काढल्याल्या त्याच खड्ड्यापाशी. पुन्ना पळालो, उलट्या अंगानं. पुन्ना खड्डा. चकवा लागला. पाय जड झालं. आन् धप् धप् आता आमच्या पाठीवर.

मी थांबले. कडोलकराच्या खांद्यावरचं पोतं वडलं, वहाणा काढल्या आन् खड्ड्यापाशी जोडीनं ठेवल्या, पावन्याच्या म्होरं ठेवत्यात तशा. म्हनलं, "घाल बाबा. चुकलं."

आवाज थांबला. मंग येक वहाण हालली. कातडं करकरलं, पाय आत जाताना करकरतं तसं. दुसरी न्हाई हालली. तशीच ऱ्हायली. का न्हाई घातली? तवा कुनाला इचारायला सवड हुती. म्होरं वाट दिसली, आमी धूम. कडोलकराचा डावा बूट मागनं कुनीतरी धरला. त्यानं पाय उपसून घेतला, बूट सोडला, प्लास्टर न्हाई सोडलं. गावात आलो तवा कोंबडा आरवत हुता. मानूस येका पायानं सायेब, येका पायानं आमच्यासारखा.

उजाडल्यावर तुमचा आजा धोंड्यावर बगून आला. वहाणा जागच्या जागी. उजवीचा तळ येका रातीत झिजून भोक. डावी कोरी करकरीत. बूट काय घावला न्हाई.

मंग आमी बेळगावला गेलो. मी बी गेले, मागं ऱ्हानारी हाय का मी? म्हातारा खाटंवर. हाडं आन् कातडं. लेकानं त्ये डावं पाऊल त्याच्या पोटावर ठेवलं, हात धरून वर नेला. म्हाताऱ्यानं टाच चाचपली. तळवा चाचपला. बोटं येकेक मोजली. मला वाटलं, आता रडंल, न्हाईतर म्हनंल, बग, मी पिल्यालो नव्हतो.

तसलं कायबी न्हाई म्हनला. त्याचं बोट तळव्याच्या मदोमद थांबलं. तितंच फिराय लागलं. आमी वाकून बगितलं. बारीक उंचवटा, टोकदार. चिखलात तितं भोक पडल्यालं, त्यात प्लास्टर घुसल्यालं.

"करवंदीचा काटा," म्हातारा म्हनला. "आत मोडलाय. अनवाणी कुणी चालवलं रे ह्याला?"

कडोलकर खाली मान घालून हुबा. तुमचा आजा बी. मी बी.

म्हाताऱ्यानं इचारलं, "मग काढला का कुणी?"

कोन काढनार? त्यो लई दिस टिकला न्हाई. शेवटपतूर पाऊल उशाशी हुतं म्हनं, आन् बोट त्याच जागी.

कडोलकर पुन्ना हिकडं आला न्हाई. तवापासनं दर सालच्या वहाणा बगा जाऊन. उजवी झिजती. डावी कोरी. रातचं कान दिऊन आयका, आमच्या परसातनं बी येतं. धप्... टेक. धप्... टेक. लंगडतोय बिचारा. आन् वाटंत कुनी पायतान घालून घावला, तर त्येला खाली बसवतो, मांडीवर पाय ठेवतो आन् म्हनतो, "काढ." पायाचं वजन तर इचारूच नका. म्हनून सांगते, बापू, सगळं रान तुडवा, ती येक वाट सोडा. न्हाईतर ही घ्या सुई. काटा काढायचा हात हाय का तुमाला?

हसतायसा? हसा. उटलासा बी? च्या तर घ्या. बरं, जावा मंग. कवाड उगडंच हाय. ए, वाकळ वडू नको गं, माझं पाय गारठत्यात.

काय झालं, बापू? बूट? पायरीवरच असतील की. मी हितनं हाललेय का? सांगा रं पोरांनो, आजी हालली का? बगा. मी कशाला तुमच्या बुटाला हात लावू? ऱ्हावा आता सकाळपतूर, उजाडल्यावर घावतील. हातरून घाल गं दाजीचं.

काय म्हनलासा? दोनी न्हाईत?

नीट बगा. उजवा तरी असंल पायरीवर. अंधारात दिसत नसंल. हात फिरवून बगा.

न्हाई?

बापू, आत या. आत या म्हनते न्हवं. पोरी, कवाड लाव. ह्ये घ्या तुमचा डावा, ह्या पोरीनं मगाशी आनून माझ्या वाकळंत दडवला हुता. उजव्याला आमी कुनी हात लावला न्हाई. आता मी चेष्टा करत न्हाई.