मी आपली सोफ्यावर

...नाही, पण तुम्हीच सांगा, चौतीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईला कुणी असं विचारावं का, की 'आई, पत्र कुठे टाकायचं ते कळतं का तुम्हाला?' मला! जिच्या हातून इतकी पत्रं गेली, की नुसतं पाकीट चाचपून सांगायची, ह्यात लग्नपत्रिका, ह्यात नोकरीचा कॉल, आणि ह्यात भांडण. भांडणाचं पाकीट जाड असतं, तुम्हाला सांगते. माणूस प्रेमात असला की दीड पानात आटपतो, भांडायला बसला की आठ पानं, पाठपोट! ...हां, तर विचारलं कुणी? आमच्या जावईबापूंनी.

आता जावई माणूस सोन्यासारखा, हे आधीच सांगून ठेवते, मागाहून कुणी म्हणायला नको की सासूनं पाठीमागं काढलं. व्यसन नाही, आवाज चढत नाही, लेकीच्या बाळंतपणात दुपटी स्वतः धुतली त्यांनी. एकच खोड. संशयी! माणसांच्या बाबतीत नाही हो, वायफायच्या बाबतीत. कम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम करतात ना, मग दिवसभर चोर बघून बघून घरी आले की त्यांना मीसुद्धा जरा तशीच दिसत असणार.

मी इथे परदेशात आले ती तीन महिन्यांसाठी. बाळंतपण करायचं, नातीचं तोंड बघायचं, परत. त्याला आता झाले चौदा महिने! नात जन्मली, पालथी पडली, रांगली, उभी राहून टीव्हीला चापट्या मारायला लागली, आणि मी कुठे? मी आपली सोफ्यावर! तिथेच दिवसा बसायचं, तिथेच उशी टाकून झोपायचं. तक्रार नाही हां. नुसतं सांगते.

तर झालं काय, घरातलं धुलाई मशीन बंद पडलं. म्हणून मी कपड्यांचं बोचकं घेऊन कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानात गेले. मशीन फिरायला चाळीस मिनिटं. भिंतीवर पाटी, 'वायफाय फुकट'. म्हटलं बसून करायचं काय, पेन्शन जमा झाली का ते बघावं. बघितली. झाली होती. आनंदानं घरी आले, आणि जेवताना सहज बोलून गेले.

जावईबापूंचा चमचा तोंडाशी थांबला.

"कुठल्या वायफायवरून, आई?"

"दुकानातल्या."

"पासवर्ड होता?"

"छे हो, मोकळंच होतं बिचारं."

"मोकळंच!" हे असं म्हणाले, जणू काही मी नातीलाच चौकात बसवून आले! आणि मग तो प्रश्न. पत्र कुठे टाकायचं ते कळतं का तुम्हाला. "आई, बँकेचं पत्र बंद पाकिटात जातं, मान्य. पण ती पेटी दुकानाचीच होती कशावरून? एखाद्या भामट्यानं दुकानाच्या नावाची नकली पेटी ठोकली असेल तर?"

आता नकली पत्रपेटी म्हटल्यावर मात्र मी ताट बाजूला सारलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "मग करायचं काय?"

"व्हीपीएन!"

मी ऐकलं व्हीपीपी. म्हटलं, ती तर पैसे भरून सोडवायची असते, कुणी पाठवलीय? लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. जावईबापू नाही हसले. त्यांनी कागद घेतला, पेन घेतलं, आणि मला समजावलं. तुमचं पत्र एका जाड पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड बांधून लाख लावायची, ती भलत्याच गावी न्यायची, आणि तिथल्या पोस्टातून पत्र पुढे टाकायचं. म्हणजे वाटेत कुणाला आत डोकावता येत नाही, आणि वर शिक्का त्या गावचा! पत्र मिळणाऱ्याला वाटतं, तुम्ही तिथेच आहात.

मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर चौकशी लागली असती!"

पण बसवलं. माझ्या फोनवर बसवलं, स्वयंपाकघरातल्या टॅबलेटवर बसवलं. एक कुलपाचं चित्र. ते हिरवं दिसलं की मी सुरक्षित. ऑफिसला निघताना माणूस काय म्हणतो सासूला? 'येतो', 'जपून राहा'... हे दारातून म्हणणार, "आई, हिरवं आहे ना?"

आणि तिथून माझी जी भ्रमंती सुरू झाली! सकाळी फोन उघडला, तर फोन म्हणतो, हिमवादळ येतंय, घराबाहेर पडू नका. मी घाबरले. खिडक्या लावल्या, नातीला दोन स्वेटर चढवले, दिवसभर बाहेर नेलं नाही. पोर घामानं निथळतेय, रडतेय, आणि बाहेर लख्ख ऊन! शेजारीण अंगणात बिनबाह्यांच्या झग्यात झाडं कापतेय, मी म्हणतेय, हिला वेड लागलंय, मरेल गारठून. संध्याकाळी लेक आली तेव्हा कळलं, वादळ आहे, पण ते शिक्क्याच्या गावी. आणि मी कुठे? मी आपली सोफ्यावर!

जाहिराती कुठल्याशा लिपीत, एक अक्षर कळेल तर शपथ. कुठलंही पान उघडा, आधी नऊ चौकोन येणार, 'ह्यात सिग्नल कुठे ते दाखवा, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.' अहो, पेन्शनीसाठी मी वर्षातून एकदा हयातीचा दाखला देते, त्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही. पण माणूस असल्याचा दाखला दिवसातून दहादा? आणि त्या सिग्नलचा खांब जेमतेम टोकाला दिसत असतो, तो धरायचा की सोडायचा? मी सोडला. म्हणे, पुन्हा प्रयत्न करा. म्हणजे मी माणूस नाही!

मग बँकेनं खातं गोठवलं. होणारच! फोन लावला, तर पलीकडून गोड आवाजात बाई, "मॅडम, आपण सकाळी नऊ वाजता एका देशात होतात, सव्वानऊला दुसऱ्या, आणि साडेनऊला एका बेटावर. आपण नक्की कुठे आहात?"

मी म्हटलं, "बाई गं, मी आपली सोफ्यावर!"

"ओळख पटवावी लागेल. आपल्या नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा."

आता तो नंबर म्हणजे माझा मायदेशातला मोबाइल, आणि तो फोन माझ्या धाकट्या भावाकडे ठेवलेला. भाऊ माझा गुणाचा, कान तेवढे जरा मंद. ह्या फोनवरून बँकेची बाई धरून ठेवली, लेकीच्या फोनवरून भावाला लावला, स्पीकरवर. नेमके जावईबापू त्या दिवशी घरून काम करत होते.

"अरे, फोनवर एक नंबर आलाय बघ, तो हळूच सांग!"

"काय? नंबर? थांब, चष्मा नाही, मी दाढीला बसलोय!" मग मोठ्यानं, "अहो, जरा बघा हो काय आलंय ताईच्या फोनवर!"

आणि तो न्हावी, तुम्हाला सांगते, खणखणीत आवाजात, भर दुकानात, "चार! सात! सात! शून्य!" मागून दुसरं गिऱ्हाईक म्हणतंय, "शून्य नाही, आठ आहे तो," तिसरा म्हणतो, "बघू, बघू इकडे..." तो म्हणे कुणाशीही बोलायचा नाही असला गुप्त आकडा चौघांनी मिळून वाचला, दोनदा पडताळला, आणि भाऊ शेवटी म्हणतो कसा, "ताई, बँकेचं आहे वाटतं, जपून हां!"

मी वळून बघितलं, तर जावईबापू खुर्चीत बसले होते, दोन्ही हातांनी डोकं धरून. हिरवं कुलूप माझ्या मांडीवर लुकलुकत होतं.

...आता जरा खरं बोलते. हसू नका.

मला घरी जायचं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. इथे मला काय कमी होतं? काही नाही. पण आमचे हे गेल्यापासून माझं दोन खोल्यांचं घर, दार लोटलं की आत फक्त मी. सकाळी उठून चहा घ्यायचा, तो थंड होईस्तोवर खिडकीशी बसायचं, कुणी विचारत नाही, 'आई, काय झालं, गप्प का?' अहो, काही झालेलं नसतं, माणूस गप्प असतं! इथे सोफ्यावर बसून चौदा महिन्यांत मी एकदासुद्धा निवांत गप्प बसले नव्हते. पण लेकीला सांगणार कसं? तिची नोकरी, ही एवढीशी पोर. तिचा चेहरा पडला असता. म्हणून नात झोपली की मी स्वयंपाकघरातला टॅबलेट घ्यायची आणि विमानाची तिकिटं बघायची. काढायची नाही, नुसती बघायची, काचेतून दुकानातली साडी बघावी तशी. भीती कसली? कुलूप हिरवं! पिशवीला लाख!

चार दिवसांनी लेक अबोल झाली. जेवताना मान वर नाही. मला आपलं वाटलं, ऑफिसात काही झालं असेल. मग एका दुपारी आम्ही दोघी पलंगावर धुतलेले कपडे घडी करत बसलो होतो, बाळाचा इवलासा मोजा हातात धरून ती म्हणाली, "आई, तू कधी निघालीस?"

माझ्या हातातला टॉवेल तसाच.

"कुणी सांगितलं तुला?"

"टॅबलेटनं! चार दिवस मला जाहिरातींत नुसत्या सूटकेसा दिसतायत, आई! लाल, निळ्या, चाकांच्या! विमानात घालायचे गुडघ्यापर्यंतचे मोजे! 'ज्येष्ठांनी एकट्यानं प्रवास करताना घ्यायची काळजी'! मी साधी पाककृती शोधायला जाते, तर खाली, 'घरची ओढ लागलीय? आजच निघा!'" आणि रडायलाच लागली हो. तिच्याबरोबर मी. आमचे आवाज ऐकून नात उठली, तीही सामील झाली, तिला तर कारणही लागत नाही.

त्यात जावईबापू घरी आले. लेकीनं हुंदके देत सगळं सांगितलं. सासू निघाली, बायको रडतेय, पोर भोकाड पसरतेय, अशा वेळी माणूस पहिलं काय विचारेल? हे विचारतात, "पण व्हीपीएन चालू होतं ना?"

"हिरवं होतं हो!" मी म्हटलं. "तुमच्या गळ्याशपथ हिरवं होतं!"

त्यांनी टॅबलेट हातात घेतला, दोन मिनिटं बघितलं, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. अगदी हळू बोलले. "आई, ह्यात तुमच्या लेकीचं खातं उघडं होतं. पिशवी बंद होती, लाख होती, रस्त्यात कुणी काही बघितलं नाही. पण आत पाठवणाऱ्याच्या जागी तुम्ही हिचं नाव लिहिलंत. मग उत्तरं हिच्याच पत्त्यावर येणार ना?"

चौतीस वर्षं! चौतीस वर्षं लोकांना खिडकीतून ओरडले, पाठवणाऱ्याचा पत्ता नीट लिहा म्हणून! लाजेनं मेले मी. आणि ते बिचारे वर म्हणतात, "चूक माझीच. मी तुम्हाला रस्ता शिकवला, नावाचं सांगायचं राहिलं." बघा, म्हणूनच म्हटलं, माणूस सोन्यासारखा.

मी लेकीचा हात धरला. "अगं, तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले. मला कंटाळा नाही आला तुमचा. मला जरा... माझं दार लावून बसायचंय."

ती डोळे पुसून म्हणाली, "आई, मीही एक सांगितलं नाहीये. पिल्लूला पाळणाघरात जागा मिळालीय. तीन आठवडे झाले. दोन महिन्यांनी सुरू होणार. तुला वाटेल, आता माझी गरज संपली, म्हणून..."

तीन आठवडे! म्हणजे मी हिच्यापासून लपवतेय, ही माझ्यापासून लपवतेय, एकाच पलंगावर बसून एकाच बाळाचे मोजे जोडीनं लावतोय, आणि हिचा नवरा बाहेर वायफायवर पहारा देतोय! खरं सांगू? ऐकून बरं वाटलं, आणि थोडा रागही आला. एवढ्या सहज जागा मिळाली? निदान रांग तरी लागायची!

पण मोकळं झालं सगळं. त्या दिवशी किती दिवसांनी आम्ही तिघं पोटभर हसलो. लेक म्हणाली, जा आई, हक्कानं जा, तिकीट मी काढते. मला इतकं हलकं वाटलं! मनातल्या मनात मी खिडकी उघडलीसुद्धा, चहा थंड व्हायला ठेवलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी जावईबापू हसतहसत आले. "आई, आनंदाची बातमी! पाळणाघराला दोन महिने आहेत, हिची रजा शिल्लक आहे. आम्ही तिघंही तुमच्याबरोबर येतोय! पूर्ण दोन महिने!"

मी म्हटलं, "अहो, पण तुमचं ऑफिस?"

"साहेबांची परवानगी काढली! व्हीपीएन आहे ना, आई! तुमच्या पुढच्या खोलीत बसलो तरी कामापुरता मी ऑफिसातच असेन. फक्त मीटिंग चालू असताना जरा आवाज नको, आणि तेवढं दार लावून घेत जाईन."

दार. माझं. ते लावून घेणार.

काय बोलणार? जावई आहे. म्हटलं, "या हो, घर तुमचंच आहे." भावाला फोन करून सांगितलं, गाद्या उन्हात टाक, तीन माणसं येतायत. फोन ठेवते न ठेवते तोच विहीणबाईंचा फोन. मुलगा, सून, नात सगळी इतक्या जवळ येतायत म्हटल्यावर त्यांना कुठून राहवणार? म्हणाल्या, "मीही येते की महिनाभर तुमच्याकडेच. तुमचं घर कसं, अगदी शांत असतं हो!"

...भावाला परत लावलाय फोन. उचलत नाहीये. चार गाद्या सांगायच्यात.