आबेलचं नाव

(दुपार. बेसबॉलवेड्या सान पेद्रो गावातल्या एका गल्लीतलं पत्र्याचं घर. नवराबायको टेबलापाशी. चुलीवरच्या कॉफीच्या भांड्याचं झाकण खडखडू लागतं.)

मिरेया : जाऊ दे उतू. आधी तो कागद उचल माझ्या टेबलावरून.

फाउस्तो : वाच तरी.

मिरेया : वाचला. आबेलचा जन्मदाखला. चाळीस दिवस जगलं माझं लेकरू. कानामागे तीळ होता, आठवतोय तरी का तुला?

फाउस्तो : मेल्याची नोंद आपण केलीच नाही ना. सरकारदरबारी तो जिवंत आहे. बारा वर्षांचा.

मिरेया : शी!

फाउस्तो : अगं, ऐक. आपला येरलिन चौदाचा. चौदाव्या वर्षी असा बेसबॉल खेळणारी पोरं इथं घरोघरी आहेत. पण बाराव्या वर्षी? अमेरिकेच्या क्लबची माणसं तोंडात बोटं घालतील. शनिवारी येतायत पोरं निवडायला.

मिरेया : म्हणून मेलेल्या धाकट्याचं नाव थोरल्याच्या अंगावर चढवायचं?

फाउस्तो : नावच तर आहे.

मिरेया : तूही चढवलंस की! देइवीचं. तुझा धाकटा चुलतभाऊ समुद्रात बुडाला, आणि त्याचं नाव पाठीवर घालून सहा वर्षं खेळलास तू. तो शर्ट मी धुवायचे. सगळी गल्ली तोंड शिवून होती.

फाउस्तो : त्या शर्टावरच हे छप्पर चढलं.

मिरेया : आणि तुझी काकू, देइवीची आई? रेडिओला कान लावून बसायची. ‘देइवीनं मारला, देइवी धावला!’ शेजारणींना सांगायची, माझा पोरगा आज काय खेळला! तू पकडला गेलास, रेडिओवरचं नाव थांबलं, आणि म्हातारीनं दुसऱ्यांदा काळे कपडे घातले.

फाउस्तो : कुणीतरी जळकुट्यानं चुगली केली. खेळ नव्हता माझा खोटा.

मिरेया : नव्हताच रे. म्हणून तर किळस येते. एवढा खेळलास, आणि फाउस्तोसाठी एक टाळी वाजली नाही कधी.

फाउस्तो : ...ते राहू दे. शनिवारपर्यंत पोराच्या अंगवळणी पडायला हवं. हाक मारली की मान वळली पाहिजे. सकाळपासून तेच घोकून घेतोय.

मिरेया : सकाळपासून? म्हणजे मला विचारायच्या आधी?

फाउस्तो : बघच तू. आबेल! ए आबेल!

येरलिन : आलो, बाबा!

मिरेया : ओ देऊ नकोस त्या नावाला! ऐकलंस? आणि हातात काय ते?

येरलिन : ब्रश. पांढरा रंग आणायला निघालोय.

मिरेया : रंग कशाला?

फाउस्तो : तू जा रे, नंतर बोलू.

येरलिन : बाबा म्हणाले, ती माणसं चौकशी करतात, कबरस्तानातसुद्धा जातात. म्हणून क्रूसावरचं आबेल पुसायचं.

मिरेया : फाउस्तो...

येरलिन : पण आई, पुसल्यावर तिथं नाव कुणाचं लिहायचं? माझं?