नमुन्यांवर तीर्थ

चूक माझीच होती, म्हणून मीच सांगतो. सुरतजवळच्या कडोदऱ्यात आमच्या धुळ्याच्या रमेशने, माझ्या पुतण्याने, कपडे धुण्याच्या साबणाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलची शिवण विद्युतलहरींनी जोडणारे यंत्र बनवले. दसऱ्याला पहिले गिऱ्हाईक नमुने पाहायला येणार होते. मी यंत्राची पूजा केली आणि भक्तिभावाने नमुन्यांवरही तीर्थ शिंपडले. बघता बघता त्यांचा चिकट गोळा झाला.

"काका, हे काय केलं!" रमेश रडवेला झाला.

तेवढ्यात ते गिऱ्हाईक, सुरतेकडचे शेठ, आले. लपवणे पाप, म्हणून मी सारे सांगितले.

शेठ गोळा चिमटीत धरून म्हणाले, "दुसऱ्यांच्या कॅप्सूलची शिवण बादलीत तशीच राहते, भाई. तुमची तर तीर्थातच विरघळली! ऑर्डर पक्की. फक्त पुढच्या वेळी पूजा आधी करा, माल नंतर काढा."

धर्मही तेच सांगतो.